गोंगाटातून पक्षिगान वेचणारी कागदी परात

पहाटे साडेपाचच्या सुमारास शहरातील एखाद्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेला किंवा विजेच्या तारेवर दयाळ पक्षी येऊन बसतो आणि शेपटी उंचावून गाऊ लागतो. फाल्गुन-चैत्रापासून पावसाळ्याच्या प्रारंभापर्यंत हा त्याचा जवळजवळ नित्यक्रम असतो. त्या वेळी रस्ता निजलेला असल्याने त्याचे गाणे चार घरांपलीकडेही स्पष्ट ऐकू येते. पुढे दुधाच्या गाड्या येतात, पाण्याचे पंप सुरू होतात, शाळेच्या बसगाड्या कर्णे वाजवू लागतात. सात वाजता पाहावे तर पक्षी त्याच जागी असतो, त्याची चोच उघडमीट करताना दिसते, परंतु गाणे मात्र कानी पडत नाही. मडगाव असो, बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे असो, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

हे गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे, अशी इच्छा अनेक शिक्षकांना व विद्यार्थ्यांना होते. खिशातील मोबाईल पुढे धरला जातो. नंतर ऐकून पाहिले असता हाती लागतो तो मोटारींचा घरघराट. त्यात पक्ष्याचा सूर एखाद्या बारीक धाग्यासारखा कुठेतरी हरवलेला असतो. मग आवाज मोठा केला जातो. त्याबरोबर मोटारींचा आवाजही तितकाच मोठा होतो आणि धागा होता तेथेच राहतो.

या अपयशाचे कारण साधे आहे. आवाज वाढविणे आणि आवाज निवडणे या दोन भिन्न गोष्टी होत. वर्धक यंत्र पहिली गोष्ट करते, दुसरी करीत नाही. मायक्रोफोनच्या पडद्यावर रस्ता आणि पक्षी हे दोघे एकत्र येऊन पोहोचले की पुढील कोणतेही यंत्र त्यांना पूर्णपणे वेगळे करू शकत नाही. म्हणून निवड व्हावयाची ती ध्वनी मायक्रोफोनपर्यंत पोहोचण्यापूर्वीच झाली पाहिजे. हे काम करणारे साधन घरच्या घरी, रद्दी कागद, माती, बांबूची कांब आणि एक लहानसा मायक्रोफोन एवढ्या साहित्यातून तयार करता येते. त्याची रचना, उपयोग आणि मर्यादा यांची माहिती येथे दिली आहे.

थोडा पूर्वेतिहास

पक्ष्याच्या गाण्याचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ मधील आहे. जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, पिंजऱ्यातील एका पक्ष्याचा आवाज टिपला. तो पक्षी शामा होता. दयाळाचा हा जवळचा नातलग आपल्या सह्याद्रीच्या रानातही गातो. पिंजऱ्यातील पक्षी यंत्राजवळ आणता येत होता. मोकळ्या पक्ष्याच्या बाबतीत तशी सोय नव्हती.

ती अडचण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पुढे आली. तेथील प्राध्यापक आर्थर ॲलन यांनी १९२९ मध्ये इथाका येथे बोलपटाच्या यंत्रसामग्रीच्या साहाय्याने मोकळ्या पक्ष्यांचे आवाज टिपले. परंतु पक्ष्याबरोबर भोवतालचे सारे आवाजही येत. त्यावर उपाय म्हणून १९३० नंतरच्या वर्षांत मोठ्या वाडग्याच्या आकाराचा परावर्तक वापरण्यास सुरुवात झाली. असा परावर्तक घेऊन ॲलन आणि पीटर पॉल केलॉग यांची तुकडी १९३५ मध्ये लुइझियानाच्या दलदलीच्या अरण्यात गेली आणि तेथे तिने आयव्हरी-बिल्ड वुडपेकर या मोठ्या सुतार पक्ष्याचा आवाज मुद्रित केला. ते अरण्य पुढे तोडले गेले. १९४४ नंतर त्या पक्ष्याच्या अस्तित्वाची निर्विवाद नोंद नाही. आज त्याचा आवाज ऐकावयाचा झाल्यास त्या मुद्रणाखेरीज दुसरा खात्रीचा आधार उरलेला नाही.

परावर्तकाचे तत्त्व

गणितात ज्या वक्रास अन्वस्त म्हणतात, तो वक्र आपल्या अक्षाभोवती फिरविला असता खोलगट परातीसारखा आकार तयार होतो. या आकाराचा गुण असा की, समोरून अक्षाला समांतर येणारे तरंग आतील पृष्ठभागावर आपटून एकाच बिंदूत जमा होतात. या बिंदूस नाभी म्हणतात. मोटारीच्या दिव्याची वाटी आणि घरावरील दूरदर्शनची तबकडी याच तत्त्वावर चालतात. नाभीच्या ठिकाणी मायक्रोफोन ठेवला तर समोरच्या दिशेचा आवाज संपूर्ण परातीभर गोळा होऊन त्यास मिळतो. बाजूचा आवाज मात्र केवळ त्याच्या स्वतःच्या इवल्याशा तोंडापुरताच मिळतो. मागील बाजूस तर परात स्वतःच आडोसा होते.

येथे आणखी एक गोष्ट मदतीस येते. हवेत ध्वनीचा वेग उन्हाळ्याच्या दिवसांत सेकंदास सुमारे ३४५ मीटर असतो. सेकंदाला १,००० कंपने असलेल्या, म्हणजे १,००० हर्ट्झच्या, सुराची तरंगलांबी त्यामुळे सुमारे ३४.५ सेंटिमीटर होते. ४,००० हर्ट्झच्या सुराची सुमारे ८.६ सेंटिमीटर, तर ३४५ हर्ट्झच्या सुराची पुरती एक मीटर. परातीच्या रुंदीपेक्षा लांब असलेला तरंग तिला जुमानत नाही; तो तिला वळसा घालून निघून जातो. वाहनांच्या गोंगाटाचा मोठा भाग २,००० हर्ट्झच्या खाली, आणि त्यातही बराचसा फार खालच्या पट्टीत असतो. गाणाऱ्या लहान पक्ष्यांचे सूर बहुतांशी २,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान असतात. म्हणजे परात जे सूर गोळा करते ते पक्ष्यांचे असतात आणि जे सोडून देते ते प्रायः रस्त्याचे असतात. अशा रीतीने ती दिशेची व पट्टीची, दोन्ही प्रकारची निवड एकदमच करते.

४८ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर खोल परातीच्या नाभीपाशी ४,००० हर्ट्झच्या सुराचा ध्वनिदाब गणिताने सुमारे बारा पट होतो. २,००० हर्ट्झला तो सहा पट आणि १,००० हर्ट्झला तीन पट भरतो. त्याखाली लाभ झपाट्याने नाहीसा होतो. घरी केलेल्या साधनात हे आकडे काहीसे कमी पडतात, तरीही फरक कानाला तत्काळ जाणवतो.

परातीचे माप

परातीची नाभी कोठे आहे हे काढण्याचा नियम सोपा आहे. परातीच्या रुंदीचा वर्ग करावा आणि खोलीच्या सोळा पटीने त्यास भागावे. जे उत्तर येईल तितक्या अंतरावर, परातीच्या तळापासून समोर, नाभी असते. ४८ सेंटिमीटर रुंदी व १२ सेंटिमीटर खोली घेतल्यास ४८ गुणिले ४८ म्हणजे २,३०४, भागिले १९२, उत्तर १२ सेंटिमीटर. नाभी आणि खोली या मापात एकच झाली. याचा अर्थ नाभी नेमकी परातीच्या काठाच्या पातळीत, मध्यभागी येते. हे माप मुद्दाम निवडलेले आहे, त्याचे कारण पुढे दिसून येईल.

प्रथम एका पातळ प्लायवूडच्या फळीवर वक्र काढून घ्यावा. मध्यापासूनचे अंतर आणि तेथील मातीच्या साच्याची उंची पुढीलप्रमाणे असावी. मध्यावर, म्हणजे शून्य अंतरावर, उंची १२ सेंटिमीटर. ६ सेंटिमीटरवर ११.२५, १२ सेंटिमीटरवर ९, १८ सेंटिमीटरवर ५.२५, आणि २४ सेंटिमीटरवर शून्य. हे पाच बिंदू हलक्या हाताने अखंड रेषेने जोडावेत आणि त्या रेषेवर फळी कापावी. तिचे दोन तुकडे होतात व दोन्ही उपयोगी पडतात. वक्राबाहेरील तुकडा साचा खरडण्यासाठी आणि वक्राच्या आतील तुकडा तयार परातीत बसवून आकार तपासण्यासाठी जपून ठेवावा.

आकार कितपत अचूक हवा, अशी शंका स्वाभाविक आहे. प्रकाशाच्या आरशाला जी अचूकता लागते तिची येथे गरज नाही. ध्वनीचे तरंग कित्येक सेंटिमीटर लांब असल्याने तीन-चार मिलिमीटरची चूक परातीला सहज मानवते. शालेय विद्यार्थ्यांच्या हातून हे काम उत्तम होऊ शकते, ते यामुळेच.

साचा व कागदकाम

एका सपाट पाटाच्या मध्यभागी सरळ गज किंवा लांब खिळा उभा ठोकावा. त्याभोवती विटांचे तुकडे व वाळू रचून त्यावर मळलेली चिकणमाती थापावी. खरडण्याची फळी गजाला टेकवून गोल फिरवीत गेल्यास मातीचा गुळगुळीत घुमट तयार होतो. खड्डे पडतील तेथे माती भरून फळी पुन्हा फिरवावी. शेवटी गज काढून भोक बुजवावे व साचा सावलीत थोडा आवळू द्यावा.

गावोगावच्या स्त्रिया पालथ्या पातेल्यावर कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत असत. येथील कृती तीच आहे. पातेल्याऐवजी साचा घ्यावयाचा इतकेच. पहिला थर खळ न लावता नुसत्या ओल्या कागदाच्या पट्ट्यांचा द्यावा, म्हणजे परात मातीपासून सहज सुटते. त्यावर खळ लावलेल्या वर्तमानपत्री पट्ट्यांचे आठ-दहा थर, प्रत्येक थराची दिशा बदलीत, चढवावेत. ते सुकल्यावर भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा, त्यात मेथीची पूड मिसळून, सुमारे पाच मिलिमीटर जाडीने लिंपावा. मेथीमुळे लगद्याला चिकटपणा येतो व कीड दूर राहते. लगद्यावर जुन्या सुती कापडाचा एक थर खळीने चिकटवावा. मागील बाजूस मध्यभागी लाकडाचा चौकोनी ठोकळा लगद्यातच बसवावा; मूठ किंवा तिपाई पुढे त्याला जोडता येते.

वाळविण्याचे काम सावलीत व सावकाश करावे. घाई केल्यास परात वेडीवाकडी होते. पुरती वाळल्यावर ती साच्यावरून उचलावी, काठ समतल कापावा आणि बुरुडाकडून आणलेली बांबूची पातळ कांब काठाभोवती गोल बांधावी, म्हणजे परात आकार सोडत नाही. मग तपासणीची फळी आत फिरवून पाहावी. परातीची जी बाजू मातीला लागून होती तीच कामाची बाजू होय. ती काचकागदाने घासून गुळगुळीत करावी. दोन्ही बाजूंना तैलरंगाचे दोन हात द्यावेत. रंगाने कागदाची छिद्रे बुजतात, दमट हवेपासून संरक्षण होते आणि ध्वनी शोषला न जाता परतून येतो. रंग चकचकीत पांढरा नसावा. मातकट किंवा हिरवट असावा. भडक रंगाने पक्षी बुजतात.

ज्यांना इतका खटाटोप शक्य नाही त्यांनी घरावरून उतरविलेली दूरदर्शनची जुनी तबकडी वापरून पाहण्यास हरकत नाही. तिची नाभी आधीच ठरलेली असते. जेथे ग्राहक-डोके बसविलेले असते तीच ती जागा. मात्र ही तबकडी पूर्ण वाडग्याचा तिरपा तुकडा असल्याने तिची नजर समोर नसून बाजूला कललेली असते. पक्ष्याची दिशा त्यामुळे अंदाजाने न ठरविता ऐकून ठरवावी लागते. शिवाय ती जड असल्याने हातात धरण्यापेक्षा गच्चीवर तिपाईवर ठेवणेच योग्य.

कोणतीही तबकडी, विशेषतः चकाकणारी धातूची, उन्हाकडे तोंड करून कधीही ठेवू नये. नाभीपाशी सूर्यकिरण एकवटून मायक्रोफोन वितळण्याची किंवा आग लागण्याची भीती असते.

मायक्रोफोन व त्याची जोडणी

विद्युत-साहित्याच्या दुकानात इलेक्ट्रेट नावाचा, शर्टाच्या बटणाएवढा मायक्रोफोन अल्प किमतीत मिळतो. त्याला चालण्यासाठी थोडा विद्युतदाब लागतो. दोन पेन्सिल सेलचे ३ व्होल्ट पुरेसे होतात. सेलचे धन टोक २.२ किलो-ओहमच्या रेझिस्टन्समधून मायक्रोफोनच्या धन टोकास जोडावे. त्याच टोकापासून सुमारे २.२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून तार मुद्रकाकडे न्यावी; हा कंडेन्सर सेलचा दाब मुद्रकात शिरू देत नाही. मायक्रोफोनचे दुसरे टोक, जे त्याच्या धातूच्या कवचाला जोडलेले असते, ते सेलच्या ऋण टोकास आणि तारेच्या जाळीदार वेष्टनास जोडावे. जाळीच्या वेष्टनाची तार आवर्जून वापरावी, अन्यथा घरातील विजेची गुणगुण मुद्रणात उतरते.

जोडकाम नको असल्यास सदऱ्यावर लावण्याचा तयार मायक्रोफोन आणून मोबाईलला जोडता येतो. तशा मायक्रोफोनला लागणारा विद्युतदाब मोबाईल स्वतःच पुरवितो, त्यामुळे सेलची गरज राहत नाही.

आता मायक्रोफोन नाभीत बसवावयाचा. नाभी काठाच्या पातळीत मध्यभागी असल्याने काम अगदी सोपे होते. काठाच्या बांबूवर समोरासमोर चार खुणा करून दोन बारीक इलॅस्टिकच्या दोऱ्या एकमेकींना काटकोनात ताणून बांधाव्यात. त्या जेथे एकमेकींना छेदतात तीच नाभी. तेथे रबरी नळीच्या तुकड्यात मायक्रोफोन अडकवावा. दोरी रबरी असल्याने हाताचे धक्के मायक्रोफोनपर्यंत पोहोचत नाहीत, आणि बारीक असल्याने येणाऱ्या ध्वनीला अडथळाही होत नाही.

या ठिकाणी नवशिक्याकडून हमखास एक चूक होते. मायक्रोफोनचे तोंड पक्ष्याकडे केले जाते. ते तसे नसावे. तोंड परातीच्या पोकळीकडे, म्हणजे पक्ष्याकडे पाठ करून असावे. कारण गोळा झालेला आवाज परातीकडून येत असतो.

साधन तयार झाल्यावर ते मोकळ्या मैदानात तपासावे. एका विद्यार्थ्याने पंचवीस पावलांवर उभे राहून किल्ल्यांचा जुडगा एकसारखा खुळखुळवावा. दुसऱ्याने कानाला श्रवणयंत्र लावून मायक्रोफोन किंचित मागे-पुढे सरकवीत जेथे आवाज सर्वांत ठसठशीत येईल तेथे तो पक्का करावा. मग परात हळूहळू बाजूला वळवावी. किल्ल्यांचा आवाज एकाएकी मंद होत जातो. परात निवड करते म्हणजे काय करते, हे त्या क्षणी विद्यार्थ्याला व्याख्यानाशिवाय उमगते.

मुद्रण करताना घ्यावयाची काळजी

मुद्रक म्हणून मोबाईल किंवा हातात मावणारा ध्वनिमुद्रक वापरावा. मोबाईलमधील संभाषणाची सोय मानवी बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून योजलेली असते. इतर आवाज ती कचरा समजून गाळते आणि त्यात पक्ष्याचा सूरही जातो. म्हणून गोंगाट गाळण्याची व आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद करता येईल असाच मुद्रण-कार्यक्रम निवडावा. आवाज आपोआप वाढविणारी सोय पक्षी थांबला की रस्त्याचा आवाज उचलून धरते, आणि पक्षी गाऊ लागला की त्याला दाबते. मुद्रण शक्यतो न आकसलेल्या ‘वेव्ह’ स्वरूपात, सेकंदास ४४,१०० नमुने या गतीने करावे. आवाजाची पातळी मापकाच्या टोकाला कधीही लागू देऊ नये. फाटलेला सूर नंतर सांधता येत नाही.

वारा हा गोंगाटाइतकाच मोठा शत्रू आहे. मायक्रोफोनवर स्पंजाची टोपी आणि तीवर केसाळ कापडाचे सैल आवरण घालावे. जोराच्या वाऱ्यात परात शिडासारखी वागते. अशा दिवशी काम न करणेच बरे.

जागेची निवड करताना रस्ता परातीच्या पाठीशी आणि पक्षी पुढे येईल असे पाहावे. रस्ता व आपण यांच्यामध्ये एखादी इमारत किंवा कुंपणाची भिंत आल्यास फार मोठा लाभ होतो. पक्ष्याच्या मागे मात्र उंच भिंत नसावी. ती रस्त्याचा आवाज परतवून परातीतच आणून टाकते. उंच तारेवरील पक्षी सोयीचा, कारण परात आकाशाकडे झुकते आणि वाहने तिच्या नजरेखाली राहतात.

अंतराचा हिशेबही ध्यानात ठेवावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ध्वनिदाब दुप्पट होतो. वीस मीटरवरून पाच मीटरवर जाता आले तर तो चौपट होईल. तथापि पक्षी बिचकेल किंवा घरट्याला उपद्रव होईल इतके जवळ कधीही जाऊ नये. मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याचा मोहही टाळावा. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो गाणे व पिले सोडून धावून येतो आणि विणीच्या काळात त्याची शक्ती व्यर्थ जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असलेल्या अभयारण्यात असे साधन नेण्यापूर्वी वनाधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी.

आणखी एक मर्यादा नागरिकाने स्वतःवर घालून घेतली पाहिजे. परात पक्ष्याप्रमाणे माणसाचे बोलणेही दुरून टिपते. ती शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळवू नये. अनवधानाने कोणाचे संभाषण मुद्रित झाल्यास ते पुसून टाकावे. लष्करी वसाहती, नौदलाची ठाणी व विमानतळ यांच्या परिसरात हे साधन मुळीच वापरू नये.

साधनाच्या मर्यादा

परात सर्व पक्ष्यांना सारखी उपयोगी नाही. दयाळ, शिंपी, सूर्यपक्षी यांच्या उंच सुरांना ती उत्तम न्याय देते. तांबटाचा ‘टुक् टुक्’ हा खालच्या पट्टीतील असल्याने तेथे तिचा लाभ थोडा मिळतो; आणि भारद्वाजाचा खोल घुमणारा आवाज तर तिला जवळजवळ सापडतच नाही. तो टिपण्यासाठी मोठी परात घ्यावी लागते, किंवा रस्ता जागा होण्यापूर्वी उठावे लागते. यांपैकी दुसरा उपाय स्वस्त आहे. तसेच परात उंच सुरांना अधिक आणि खालच्या सुरांना कमी उचलत असल्याने मुद्रणातील गाणे मूळ गाण्यापेक्षा किंचित बारीक भासते. म्हणून मुद्रण परातीतून केले आहे, असा उल्लेख नोंदीत अवश्य करावा. या साधनाने गोंगाटाची पातळी मोजता येत नाही, हेही विसरू नये. त्यासाठी प्रमाणित मापक लागतो.

हा खटाटोप कशासाठी

पक्षी गातो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी आणि आपली हद्द जाहीर करण्यासाठी. गाणे पोहोचले नाही तर त्याचे घर उभे राहत नाही. म्हणून गोंगाटात पक्षीही आपल्या परीने मार्ग काढतात. नेदरलँड्समधील लायडन शहरात ग्रेट टिट या लहान पक्ष्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिक गोंगाटाच्या जागी राहणारे नर आपल्या गाण्याची खालची पट्टी वर चढवून गातात, असे त्यात आढळले. बर्लिनमधील नाइटिंगेल पक्षी गोंगाटाच्या जागी अधिक मोठ्याने गातात, असे २००४ मध्ये दाखविले गेले. २०२० च्या वसंतात साथीमुळे सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते शांत झाले, तेव्हा तेथील व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो हे पक्षी अधिक हळू आवाजात गाऊ लागले, तरीही त्यांचे गाणे पूर्वीपेक्षा दूरवर ऐकू जाऊ लागले. हा फरक समजला, याचे कारण एकच. त्याच जागी, त्याच पक्ष्यांची पूर्वीच्या वर्षांतील मुद्रणे जपून ठेवलेली होती. ती नसती तर तुलना करावयाची कशाशी?

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, आणि घोषित शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबेल ही मर्यादा ठरविलेली आहे. सकाळी ६ वाजता कायद्याचा दिवस उजाडतो. दयाळ त्यापूर्वीच गाऊ लागलेला असतो. डेसिबेलचा आकडा सामान्य माणसाच्या मनाला भिडत नाही. त्याच गच्चीवर पहाटे साडेपाचला आणि सकाळी साडेआठला घेतलेली दोन मुद्रणे एकापाठोपाठ एक ऐकविली, तर मात्र ग्रामसभेला आणि नगरपालिकेच्या सभागृहालाही गोंगाट म्हणजे काय हरवणे ते समजते.

यासाठी प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी, ते चालू असतानाच, बोलून नोंद करावी. दिनांक, वेळ, ठिकाण, पक्षी, अंदाजे अंतर, हवामान, भोवतालचे इतर आवाज आणि वापरलेले साधन ही माहिती त्यात असावी. पक्षी ओळखता आला नाही तर तसेच स्पष्ट सांगावे. चुकीच्या नावापेक्षा नाव नसलेले बरे. मोबाईलवरील कार्यक्रम आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवितात. त्यांची मदत घ्यावी, पण डोळ्यांनी पाहून खात्री करावी. मूळ मुद्रण काटछाट न करता जपावे व सुधारणा प्रतीवर कराव्यात. २००५ पासून चालू असलेल्या झेनो-कॅन्टोसारख्या जागतिक ध्वनिसंग्रहांत कोणाही हौशी व्यक्तीला आपली मुद्रणे देता येतात.

शाळेत हे काम विशेष फलदायी ठरेल. कागदकाम हस्तव्यवसायाच्या तासाला, वक्र गणिताच्या तासाला, तरंगलांबी विज्ञानाच्या तासाला आणि नोंदवही भाषेच्या तासाला, अशी त्याची वाटणी सहज होते. एकाच ठिकाणी, दर आठवड्याच्या ठरावीक वारी, सूर्योदयापूर्वी दहा मिनिटे मुद्रण करण्याचा नेम धरावा. मध्येच रस्ता रुंद होईल, जुना वड तोडला जाईल किंवा नवी बाग उभी राहील. त्या बदलापूर्वी तेथे कोण गात होते आणि नंतर कोण गाऊ लागले, याचा पुरावा तेव्हा शाळेच्या कपाटात असेल. लुइझियानातील अरण्य तोडले गेले, तरी त्या सुतार पक्ष्याचा आवाज कोणीतरी वेळेवर टिपला होता म्हणून उरला. आपल्या गच्चीवरील दयाळ अजून गात आहे. त्याचे गाणे टिपण्याची वेळ आहे ती हीच, आणि त्यासाठी लागणारी रद्दी बहुतेक घरांत पडून आहे.